इतिवृत्तात नसलेलं

मंडळ बसतं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी,
बंद पडलेल्या शाळेच्या जेवणघरात.
नऊ खुर्च्या, नऊ पेले, नऊ नावं,
कार्डिफहून एकाच पत्रातून आलेली.
पत्राखाली सही, तीही रबरी शिक्क्याची.
मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहिते.
कोण काय बोललं ते लिहायचं,
कोण गप्प बसलं ते नाही.

क्वमेलिनचा डोंगर पाटीच्या दगडाचा.
इथल्या माणसांनी अर्ध्या जगाची छपरं शाकारली,
आणि उरलेल्या तुकड्यांवर पोरांनी अक्षरं गिरवली.
वडील ती धूळ छातीत घेऊनच गेले.
आता खाणीच्या खड्ड्यावरून तार टाकायची आहे,
पर्यटक लोंबकळत, किंचाळत जातील.
ठराव क्रमांक चौदा. एकमताने.
दवाखान्याची बस बंद, तो ठराव पंधरा.
तोही एकमताने.

एलुनेड तीस वर्षं याच जेवणघरात स्वयंपाकाला होती.
ती श्रोत्यांच्या बाकावर बसते.
श्रोत्यांनी बोलायचं नसतं.
ती मसुराची पिशवी आणते, ताटलीत निवडत बसते.
अध्यक्षांना खुळखुळ ऐकू येते.
बाई, हे काय चाललंय?
निवडतेय, ती म्हणाली.
आपण निवडलं तर खडा हाताला लागतो.
दुसऱ्याने निवडून दिलं की दाताला.

हे मी लिहिलं नाही. नियमात बसत नव्हतं.

बाहेर आल्यावर इवोर म्हणाला,
निवडून दिलेले काय मोठे दिवे लावतात?
नगरपरिषदेत बघ. सात जागा, पाच उमेदवार,
त्यातला एक बायकोने भरीला घातलेला.
गटारांचा नकाशा अख्ख्या गावात
एकाच माणसाला वाचता येतो, त्या मेरेरिदला,
आणि ती तर नेमलेली.
एलुनेडकडे याला उत्तर नव्हतं.
तिने पिशवीची गाठ दोनदा बांधली.

मार्चमध्ये गावाने आपलीच निवडणूक घेतली.
कायद्याने बिनकामाची. कागदही कुणी दिला नाही.
मग खाणीच्या ढिगाऱ्यातून तुकडे आणले,
एकेकाच्या हातात तळहाताएवढी पाटी,
आणि खिळ्याने नाव कोरायचं.
दोनशे बारा पाट्या दुधाच्या कॅनमध्ये पडल्या,
दिवसभर गावात ठणठण आवाज.
चार मतं ग्रिफिदला. तो ऑक्टोबरात वारला होता.
एकीवर नुसतं 'बस' लिहिलेलं.
दोन कोऱ्या, पण घासून घासून गुळगुळीत,
म्हणजे लिहून पुसलं असावं कुणी.
खिळ्याने कोरलेलं पुसायला किती वेळ लागला असेल!

सगळ्यांत जास्त मतं मेरेरिदला.

इवोर हसत सुटला. झालं?
जी होती तीच. एवढी पायपीट कशाला?
मलाही क्षणभर तसंच वाटलं,
कॅन रिकामा करताना बोट कापलं होतं.

पण पुढच्या सोमवारी, पावसात,
मेरेरिद टेरेस रोडवर दिसली.
सहा वर्षं ती गाडीतून जेवणघरापर्यंत यायची,
गाडीतून परत जायची.
आता एकेक दार वाजवत होती,
नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत,
पायात चुकीचे बूट.
अकरा नंबरात कुणी दार उघडलं नाही, ती थांबली.
बारा नंबरात एलुनेडने उघडलं,
आत ये म्हणाली नाही,
उंबऱ्यावरच बसबद्दल विचारलं.
मेरेरिद म्हणाली, पंधराला मीही हात वर केला होता.
मग बराच वेळ दोघी बोलल्या नाहीत.

मी समोरच्या फुटपाथवर होते.
वही पिशवीत होती, काढली.
कोण गप्प बसलं ते लिहायला
या वहीत रकाना नाही,
समासात मात्र जागा होती.